एक गाणं, दिवसातून एकदाच

मी आयुष्यात एकदाच पियानोची सेवा केली आणि त्याच दिवशी त्यात नारळाचं पाणी गेलं.

दिवस खंडेनवमीचा होता. हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलला, आमचं कापडाचं दुकान आहे. तिथं गजाची, कात्र्यांची, बिलाच्या कॉम्प्युटरची पूजा उरकून मी कमरीपेठेत घरी आलो. स्कूटरला हार घातला, शिलाई मशीनला झेंडू वाहिला, बायको नको नको म्हणत असताना मिक्सरलाही कुंकू लावलं. तरी तबकात फुलं उरली आणि एक नारळ उरला. आता उरलेला नारळ म्हणजे आमच्या घराण्याच्या स्वभावाला न झेपणारी गोष्ट. मला वाटलं, वरच्या मजल्यावर भाडेकरूचं एवढं मोठं अवजार उभं आहे, ते आजच्या दिवशी उपाशी कशाला ठेवा? मिस, म्हणजे आमच्या भाडेकरू, बाहेर गेल्या होत्या. किल्ली आमच्याकडेच असायची.

वर गेलो. झाकण उघडलं. पांढऱ्या पट्ट्यांवर हळदकुंकू वाहिलं, वरून हार घातला, नारळ उंबऱ्यावर फोडला आणि गल्ल्यावर शिंपडतो तसे चार थेंब शिंपडावेत म्हणून वाटी जरा कलती केली. ती जरा जास्त कलली.

मिस परत आल्या तेव्हा मी माझ्याच पंच्याने पियानो पुसत होतो, आणि प्रत्येक पुसण्याबरोबर पियानो ओरडत होता. मिस दारात थांबल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली. हार पाहिला, कुंकू पाहिलं, माझ्या हातातली नारळाची वाटी पाहिली.

"सावकार," त्या म्हणाल्या, "हा पियानो माझ्या वडिलांच्या वेळेपासून घरात आहे. पण त्याचा बाप्तिस्मा करायचं आजवर कुणालाच सुचलं नव्हतं."

मग त्यांनी खाली हाक मारून बायकोकडून केस वाळवायचं यंत्र मागवलं. त्या एकेक पट्टी दाबून धरायच्या आणि मी तिच्या फटीत गरम वारा घालायचा, असा आमचा सणाचा दिवस गेला. जेवायला मी खाली आलो तेव्हा पुरणपोळी गार झाली होती आणि मुलं मला 'पियानो डॉक्टर' म्हणायला लागली होती. मिसनी सगळं कुंकू पुसलं. फक्त डाव्या टोकाच्या शेवटच्या पट्टीवरचं ठेवलं. "हा सूर मला वर्षातून एखाद्या वेळी लागतो," म्हणाल्या. "राहू दे. शोभतोय."

मिस म्हणजे शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सगळी गल्ली त्यांना मिसच म्हणायची, त्यामुळे आम्हीही मिसच म्हणायला लागलो. मराठी ख्रिस्ती घराणं, पण पिढ्यान् पिढ्या हुबळीत. त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, मध्येच कन्नडचा वळसा घेऊन येणारी. मला त्या 'सावकार' म्हणायच्या. इथं दुकानदाराला तसंच म्हणतात, पण मिस म्हणायच्या तेव्हा त्यात बारीक चिमटा असायचा. माझ्या बायकोला मात्र 'अक्का'. बायको त्यांच्याहून कितीतरी लहान, पण मिसचं म्हणणं, "घरात मोठं कोण ते वयावर नसतं, सावकार. चहा कुणाला विचारून होतो त्यावर असतं."

त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी मी बाजारातून दोन हमाल पाठवले होते. पियानो म्हणजे जरा मोठी पेटी, असा माझा समज. हमालांनी तो हातगाडीवर पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्याकडे न पाहताच आणखी माणसं आणायला निघून गेले. शेवटी अर्धं दुर्गदबैल आमच्या जिन्यात होतं. मिस वरच्या पायरीवर उभ्या राहून सूचना देत होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ खालच्या पायरीवर उभा राहून हमालांना त्या सूचनांकडे लक्ष देऊ नका असं खुणावत होता.

पियानोवर त्यांचं बारीक लक्ष असे. सुरात त्या स्वतःच लावायच्या, एका जाड चावीने, आतल्या खुंट्या पिळून. एकदा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "सावकार, जाड, दाट, मऊ लोकर दाखवा."

"शालीसाठी?"

"पियानोसाठी. पट्टी सोडली की तार गप्प करायला आत लोकरीच्या गाद्या असतात. कसर लागली त्यांना."

मी गाठोडी उघडली. मिसनी प्रत्येक कापड कानाजवळ नेऊन बोटाने वाजवून पाहिलं. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. कापड कानाला लावून घेणारं गिऱ्हाईक आमच्या दुकानात तीन पिढ्यांत आलं नव्हतं. शेवटी पसंत पडली ती धनगरी घोंगडी. तिचे तुकडे कापून त्यांनी आत चिकटवले. घोंगडीच ती. तार लगेच गप्प करणं तिच्या स्वभावात नाही. तेव्हापासून मिसच्या पियानोचा प्रत्येक सूर जरा रेंगाळून थांबायचा, निघतो निघतो म्हणत दारात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. मला तो आवाज फार आवडायचा. अर्थात माझ्या दुकानची घोंगडी होती म्हणूनही असेल.

मिसचा एक नियम होता आणि त्या नियमापायी त्यांनी अनेकांना छळलं. एक गाणं दिवसातून एकदाच. एकदा म्हटलं की त्या दिवशी पुन्हा नाही. कितीही विनवा.

"पण का, मिस?" मी एकदा विचारलं.

"माझं गाणं म्हणजे त्याच्याशी बोलणं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला तो बहिरा आहे का?"

हा 'तो' म्हणजे येशू. हे समजायला मला वेळ लागला. मिस बोलताना म्हणायच्या, "मी त्याला सांगून ठेवलंय", "त्याला विचारते, मग कळवते", "त्याने काही मनावर घेतलेलं दिसत नाही." बरेच दिवस मला वाटत होतं, धारवाडला कुणी आळशी नातेवाईक असावा. एकदा तर मी विचारलं, "फोन लागत नाही का त्यांचा?" मिसनी माझ्याकडे पाहिलं. "लागतो," म्हणाल्या, "उचलतो पण. बोलत नाही."

मग सराव कसा करायचा? तर जेवणाच्या टेबलावर. मिस टेबलावर बोटं चालवायच्या, ओठ हलवायच्या, आवाज नाही. आम्हाला खाली छतातून नुसती टकटक ऐकू यायची. त्यांच्याकडे शिकायला येणारी मुलंही आधी टेबल वाजवायची. एका पोराचा बाप माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "सावकार, पोरगं पियानोच्या शिकवणीला घातलं, ते घरी ताटाच्या कडा बडवतंय." मी म्हटलं, ताट बडवणं संपलं की पियानो. त्याचं समाधान झालं. मला स्वतःला यातलं काहीही कळत नव्हतं.

या नियमाची सगळ्यात मोठी हकीकत लग्नातली. चर्चमध्ये नवरी आत येताना जे वाजवायचं असतं ते मिस वाजवायच्या. एका लग्नात दाराशी टेम्पो थांबला, कुणीतरी घाईघाईने हात हलवला, मिसनी सुरू केलं. सगळी मंडळी उठून उभी राहिली, माना वळल्या, आणि दारातून आत आला बिर्याणीचा भला मोठा डेग. त्याला दोघांनी धरलेलं. वाजतगाजत डेग पुढपर्यंत आला. खरी नवरी आली तेव्हा मिस हात मांडीवर ठेवून बसलेल्या. नवरीचा बाप विनवतोय, मामा हात जोडतोय. मिस म्हणाल्या, "त्या सुराचं आजचं झालं. दुसरं वाजवते." नवरी वेगळ्याच चालीवर आत आली. मिस मला हे सांगताना म्हणाल्या, "संसार चांगला चाललाय त्यांचा. आणि बिर्याणीही चांगली झाली होती."

स्वतःची गाणी मात्र मिस चर्चमध्ये म्हणत नसत. तिथं सगळ्यांची, पुस्तकातली. स्वतःची घरी. साधी मराठी, रोजच्या बोलण्यातली, आणि खाली पियानोचे ते रेंगाळणारे सूर. एका गाण्यात त्या येशूला विचारतात की सुताराच्या दुकानातला भुसा कधी केसांतून पूर्ण गेला का. एकात गाढवावर बसून आलेल्या पाहुण्यासाठी गल्ली झाडून घेतात. आम्ही जिन्यात बसून ऐकायचो. मी, बायको, आणि मिसचा भाऊ. तो वर घरात असूनसुद्धा ऐकायला जिन्यात येऊन बसायचा. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, शीळ घालणारा, बहिणीच्या शिस्तीतून पळून आमच्याकडे चहा पिणारा माणूस. तो बहिणीला नेहमी म्हणायचा, "अक्का, हे कुठंतरी रेकॉर्ड करून ठेव गं. तुझ्याबरोबर जाईल सगळं."

"जाऊ दे. ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडेच जाईल."

"आणि आम्ही काय ऐकायचं?"

यावर मिस पियानोचं झाकण लावून घ्यायच्या.

भाऊच आधी गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. मिस चर्चला निरोप धाडून आल्या, सगळी मंडळी प्रार्थनेला बसली, पाळकसाहेब रोज येत होते. माझी बायको उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवत होती. मिस पियानोशी बसून, न वाजवता, नुसते ओठ हलवत होत्या. मी औषधं आणत होतो, आणि एकदा चुकीचं आणलं म्हणून परत जात होतो. तो गेला. पुरताना मिस रडल्या नाहीत. घरी आल्यावर बायकोला एवढंच म्हणाल्या, "अक्का, मी वेळेवर बोलावलं होतं."

मग कितीतरी आठवडे वरून टकटकसुद्धा आली नाही. आणि एके दिवशी मिस खाली आल्या, म्हणाल्या, "सावकार, भाऊ म्हणत होता ते करायचं. माझ्या गाण्यांचा अल्बम करायचा. त्याच्यासाठी एक गाणं राहिलंय, तेही झालंय. ते मी अजून म्हटलेलं नाही. ते एकदाच म्हणणार. दिवसातून एकदा नाही. एकदाच."

वयाच्या त्या टप्प्यावर, जेव्हा लोक गुडघ्यांचे अल्बम करतात, एक्स-रेचे, तेव्हा मिसचा पहिला अल्बम सुरू झाला.

धारवाडहून एक रेकॉर्डिस्ट आले. मोठमोठ्या गवयांच्या बैठका रेकॉर्ड केलेले, पोट सुटलेले, टक्कल पडलेले, मनाने फार चांगले. त्यांनी आल्या आल्या पियानोचा सूर तपासला आणि कपाळाला हात लावला. सगळा पियानोच अर्धा सूर खाली.

"वर चढवू या की, मिस."

"तारा म्हाताऱ्या आहेत. ओढल्या तर तुटतील. मीही तेवढीच खाली आले आहे, आमचं जमतं."

पहिलं गाणं झालं. उत्तम झालं. रेकॉर्डिस्ट सवयीने म्हणाले, "इन्नोंद सल, मिस. आणखी एकदा. सेफ्टीसाठी."

"सेफ्टीसाठी हेल्मेट घाला," मिस म्हणाल्या आणि झाकण लावलं.

रोज एकेक गाणं असं ते काम चाललं. रेकॉर्डिस्ट रोज धारवाडहून यायचे, एक गाणं घ्यायचे, आमच्याकडे जेवायचे आणि जिन्यात मला सांगायचे, "सावकार, मोठमोठे गवई सांभाळले मी. ही बाई मला डोक्यावरचे केस परत आणायला लावणार, म्हणजे पुन्हा उपटता येतील."

अल्बमचं प्रकाशन चर्चच्या सभागृहात करायचं ठरलं होतं. त्यासाठी कमिटीने गाण्यांचे शब्द मागवले. मिसनी छापून दिले. आणि पाळकसाहेब माझ्या दुकानात आले.

हे पाळकसाहेब तरुण, सज्जन, जरा घाबरट. लहानपणी मिसच्या हाताखाली गाणं शिकलेले. मिस त्यांना लोकांत 'पाळकसाहेब, आपण' म्हणायच्या आणि जिन्यात 'अरे, बूट नीट काढ'. ते गायकवृंदाच्या झग्यांचं कापड बघायला आल्याचं निमित्त करून बसले. पांढरं कापड चिमटीत धरून म्हणाले, "ते शेवटचं गाणं तेवढं... कमिटीचं म्हणणं, प्रभूला असं बोलू नये. सरळ झाडलंय हो त्याला. तुम्ही घरमालक आहात, तुमचं ऐकतील त्या."

माझं कुणी ऐकत नाही, हे दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर म्हणता येत नाही. मी म्हटलं, "बघतो ना."

त्या गाण्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती मिसनी मला त्या दिवशी सांगितली. येशूच्या ओळखीच्या दोन बहिणी होत्या, त्यांचा भाऊ आजारी पडला. बहिणींनी निरोप धाडला. तो उशिरा आला. भावाला पुरून चार दिवस झाले होते. थोरली बहीण गावाबाहेर त्याला सामोरी गेली आणि आधी त्याला उशिराबद्दल सुनावलं. ही बहीण म्हणजे घरात सगळ्यांना वाढणारी, सारखी चुलीशी असणारी.

"मग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"त्याने भावाला हाक मारली. भाऊ उठून बाहेर आला."

"मग तर गोड शेवट आहे की, मिस! तेवढं एक कडवं आनंदाचं जोडून टाका. कमिटी खूश, पाळकसाहेब खूश."

मिस शांतपणे म्हणाल्या, "त्यांचा उठला, सावकार. माझा नाही उठला. म्हणून माझं गाणं तिथं थांबतं." मग माझ्याकडे वळून, "कुणी फाटलेलं लुगडं घेऊन आलं तर तुम्ही त्याला फॉल लावून देता का?"

मी नाही म्हणालो. फॉल हा विषय निघाल्यावर मी खोटं बोलू शकत नाही.

"पाळकसाहेबांना सांगा, तिने जे सुनावलं ते शास्त्रात छापलंय. ते आधी काढा, मग माझं काढते. आणि कागद वाचून काय कळतं? उद्या गाणार आहे. येऊन ऐक म्हणावं त्याला. बूट नीट काढून."

दुसऱ्या दिवशी घर शांत ठेवायची जबाबदारी मी मागून घेतली. गाणं एकदाच होणार होतं. ते बिघडलं असतं तर अल्बममध्ये ते नसतं आणि ज्याच्यासाठी अल्बम, त्याचंच गाणं नसतं. मी शेजारच्या शिंप्याचं मशीन बंद करवलं. दाराची घंटा काढली. कुकर लावायला मनाई केली, बायकोने आमटी उघड्या पातेल्यात चढवली. भंगारवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच चहाला पैसे देऊन बसवलं. सगळ्यांचे मोबाईल एका डब्यात घालून तो डबा गादीखाली ठेवला. आणि मग एखाद्या सेनापतीसारखा वर जाऊन दाराशी स्टुलावर बसलो. आत पाळकसाहेब खुर्चीत, अंग चोरून. रेकॉर्डिस्ट कानाला हेडफोन लावून. मिस इरकल साडी नेसलेल्या, घड्याळ काढून पियानोवर ठेवलेलं.

मिस गायला लागल्या. आवाज मोठा नव्हताच कधी. पण त्या दिवशी तो असा होता की समोर कुणीतरी उभं आहे आणि त्याला दारातच थांबवून त्या बोलत आहेत.

निरोप धाडला होता, वेळेवर धाडला होता,
रस्ता तुझ्या पायाखालचाच होता.
दिवा जळत होता, दार उघडं होतं,
कुणालाही नाही, तुलाच बोलावलं होतं.

आता का आलास, असं म्हणणार नाही.
तेव्हा का नाही आलास, विचारल्याशिवाय राहणार नाही.

इथं गाणं संपायचं होतं. कागदावर एवढंच होतं. शेवटचा सूर घोंगडीच्या गाद्यांवर रेंगाळत होता, आणि खाली अंगणात स्फोट झाल्यासारखा आवाज झाला.

आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. कित्येक दिवसांनी येतं, आणि कधी येणार ते सांगून येत नाही. म्हणून घरोघरी अंगणातला नळ उघडाच ठेवतात आणि खाली रिकामं पत्र्याचं पिंप. पाणी आलं की पिंप वाजतं, बायका धावतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की उघडा नळ हा आवाज करणाऱ्या वस्तूंत मोडतो हे मला सुचलंच नव्हतं. आधी हवेची शिंक, मग खोकला, मग धबधबा. गल्लीतून कुणीतरी आनंदाने ओरडलं, "नीर बंतु! पाणी आलं!"

रेकॉर्डिस्टनी डोळे मिटले. पाळकसाहेब अर्धे उठले. मी स्टुलावरच गोठलो. धावत जावं तर जिना वाजणार.

मिस थांबल्या नाहीत. त्यांचा डावा हात तोच सूर हळूहळू पुन्हा वाजवत राहिला. खाली पाणी कोसळत होतं, वर तो सूर चालू होता. आणि मग एकाएकी पाण्याचा आवाज गेला. नंतर कळलं, बायकोने दोरीवरचा माझा पंचा ओढून नळाला बांधला होता आणि दुसरं टोक पिंपाच्या तळाशी सोडलं होतं. पाणी कापडावरून गुपचूप उतरत होतं. नळ बंद केला नाही. पाणी वाया घालवणं तिच्या धर्मात नाही.

त्या शांततेत मिस पुढं गायल्या. हे कडवं कागदावर नव्हतं.

आलास ना? मग पाय धू. बस.
मी रागावले आहे, अजून रागावले आहे.
पण लांबून चालत आलास, भुकेला असशील.
बस. ताट वाढलं आहे.

शेवटचा सूर थांबायला वेळ लागला. मग रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून, फार हळू, म्हणाले, "मिस... इन्नोंद सल... पाण्याशिवाय?"

"नको," असं म्हणाले ते पाळकसाहेब. चष्मा हातात होता आणि ते तो कशाने पुसावा हे शोधत होते. "राहू द्या. असंच राहू द्या."

मी पुढं जाऊन मिसची माफी मागितली. नळ माझ्याकडे होता, म्हणालो. आणि विचारलं, "ते शेवटचं कडवं कधी केलंत?"

मिस घड्याळ मनगटावर बांधत होत्या. बायकोने वर येऊन पट्टा लावून दिला. "केलं नाही," मिस म्हणाल्या. "पाणी आलं म्हटल्यावर बाईमाणूस स्वयंपाकाला लागतंच की हो." आणि मग भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या रडल्या, बायकोच्या खांद्यावर, चांगल्या मोठ्याने. आम्ही तिघे पुरुष जिन्यात जाऊन उभे राहिलो आणि आमटी ऊतू जाऊ दिली.

पाळकसाहेब कमिटीशी बोलले. घाबरट माणसाने धीर धरला की तो किती आणि कुठवर पुरेल सांगता येत नाही. सभागृह मिळालं नाही, खुर्च्या मिळाल्या. रविवारी उपासना आटोपल्यावर ते स्वतः टेम्पोत बसून खुर्च्या घेऊन आले आणि आमच्या अंगणात मांडल्या. प्रकाशन म्हणजे काय, तर रेकॉर्डिस्टनी फोनला मोठा स्पीकर जोडला आणि मिसच्या भाचीने आणि शेजाऱ्यांनी पेढे वाटले. चर्चची मंडळी आली, गल्लीतली आली, दुकानातली आली. मिस सगळ्यात मागच्या खुर्चीत बसल्या, हातांची घडी घालून, दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकायला आल्यासारख्या.

शेवटचं गाणं लागलं. स्पीकरमधून पाणी कोसळायला लागलं तेव्हा अंगणातल्या निम्म्या बायकांनी नळाकडे पाहिलं, आणि एक तर पदर खोचून उठलीच. हशा झाला. मग ते कडवं आलं आणि हशा जागच्या जागी विरला. गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नुसती मान हलवली, बराच वेळ.

मिस आता अळणावरला भाचीकडे राहतात, म्हणजे त्या भावाच्याच मुलीकडे. पियानो नेताना मी आधीच पुरेसे हमाल बोलावले होते. आयुष्यात शहाणपण येतं, फक्त सामान हलवून झाल्यावर. त्यांच्या गाण्याखाली इंटरनेटवर कुठकुठले लोक लिहितात. कुणी लिहिलंय, पाण्याचा परिणाम फार सुंदर साधलाय. रेकॉर्डिस्ट ते वाचून दाखवतात आणि कपाळ बडवतात.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. मंडळी पांगत होती तेव्हा कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ माझ्यापाशी थांबले. पेढा तोंडात होता, तरी चेहरा गंभीर. म्हणाले, "गाणं चांगलं आहे. पण सावकार, शेवटी भांडण ते भांडणच. देवाशी भांडून वर भक्ती कशी म्हणायची?" मी सवयीने मान डोलावली. ते गेले.

अंगण रिकामं झालं. मी एका खुर्चीत बसलो होतो. बायको उष्टे कप गोळा करत होती. मी तिला म्हटलं, "त्यांचं अगदीच खोटं नाही हं. मिस जरा जास्तच बोलल्या. शेवटपर्यंत राग सोडला नाही."

बायको थांबली. हातात कपांचा डोंगर.

"त्या नळाच्या दिवशी मी तुमच्यावर किती चिडले होते?"

"फार."

"जेवायला वाढलं होतं की नाही?"

"वाढलं होतं. आपटून वाढलं होतं."

"मग! भांडण मिटल्यावर वाढायचं म्हटलं असतं तर या घरात सगळे उपाशीच मेले असते. राग आला म्हणून ज्याचं ताट थांबत नाही तोच आपला माणूस, एवढं साधं त्या कमिटीला कळत नाही? त्यांना कोण वाढतं घरी, ते विचारा एकदा." कप घेऊन ती आत वळली आणि उंबऱ्यातून म्हणाली, "आणि तुम्ही उठा आता, भात निवतोय."